दारू पाजणारा कोण आणि दंड भरणारा कोण?

(कामगार बंधुभगिनींच्या सभेंत झालेलें व्याख्यान)



आजच्या सभेला "कामाच्या ठिकाणची दारू" हा विषय नेमून दिला आहे. दारूवर व्याख्यान म्हटलें म्हणजे व्याख्यात्यानें चार कडक शब्द बोलावे, नरकाचें वर्णन करावें, शेवटीं सर्वांकडून शपथ घ्यावी, आणि लोकांनीं ज्या वाटेनें आले त्याच वाटेनें, वाटेंतल्या गुत्त्यावरून, घरीं जावें, असा परिपाठ पडून गेला आहे. तसलें पुराण सांगण्यास आम्ही आलों नाहीं. दारू वाईट हें कळण्यास व्याख्याता लागत नाहीं. तें पिणाऱ्याच्या बायकोला आणि पोरांना विचारावें. आम्ही निराळेच प्रश्न विचारणार आहों. कामगाराच्या हातांत पेला देतो कोण? त्यांत देणाऱ्याचा फायदा कोणता? आणि पुढें अपघात झाला, नोकरी गेली, म्हणजे दंड भरतो कोण? या तीन प्रश्नांचा हिशेब आज आपण मांडूं.

हिशेब मागण्याची ही रीत आमची नव्हे. ती जोतीराव फुले यांची आहे. १८७३ सालीं सत्यशोधक समाज स्थापन करणारे जोतीराव पुढें पुणें म्युनिसिपालिटीचे सभासद होते. १८८० च्या जुलै महिन्यांत त्यांनीं म्युनिसिपालिटीच्या कार्यकारी मंडळाचे अध्यक्ष प्लंकेट साहेब यांस पत्र लिहून शहरांत वाढत चाललेल्या दारूच्या दुकानांविषयीं तक्रार केली. येथें एक गोष्ट ध्यानांत घ्या. रस्त्यांत पडलेल्या दारुड्याला लाथ मारणारे पुष्कळ होते. जोतीरावांनीं आपली तक्रार ज्याच्या हातीं शहराचा कारभार होता त्याच्या मेजावर नेऊन ठेवली.

त्यांचेच सहकारी, 'दीनबंधु'चे संपादक नारायण मेघाजी लोखंडे, यांनीं १८८४ सालीं मुंबईच्या गिरणीकामगारांची सभा भरविली आणि साडेपांच हजार सह्यांचा अर्ज तयार केला. त्या अर्जांतल्या मागण्या पाहा: आठवड्यांतून एक दिवस सुटी, दुपारीं अर्ध्या तासाची विश्रांति, काम सकाळीं साडेसहा ते सूर्यास्तापर्यंत, जखमी कामगाराची सोय, आणि मागील महिन्याचा पगार पुढील महिन्याच्या पंधरा तारखेच्या आंत. या मागण्यांत दारूचें नांव नाहीं. परंतु आमच्या मतें दारूवर इतका नेमका घाव पुढें फार थोड्या उपदेशकांनीं घातला असेल. तो कसा, तें सांगतों.

महिनाभर राबावें आणि पगार पुढच्या महिन्याच्या अखेरीस मिळावा, अशी स्थिति असली म्हणजे कामगारानें खावें काय? तो वाण्याकडे उधारी करतो. वाण्याची उधारी तुंबली कीं सावकाराकडे जातो. आणि ज्या गुत्त्यावर उधारीनें मिळतें तेथें तर हातांत पैसा नसला तरी पाय वळतो. मग पगाराच्या दिवशीं चिठ्ठी घेऊन दारांत उभे कोण? वाणी, सावकार आणि गुत्तेवाला. यांशिवाय गिरणींत ज्यानें काम लावून दिलें त्या जॉबरची दस्तुरी निराळीच. बारा-चौदा तास यंत्रापुढें उभ्या राहिलेल्या, धुरळ्यानें छाती भरलेल्या माणसाला सुटीही नाहीं आणि वेळेवर दामही नाहीं. त्याला उधारीची दारू मात्र हवी तितकी! लोखंड्यांनीं सुटी मागितली, विश्रांति मागितली आणि पगाराची तारीख मागितली. रविवारची सुटी १८९० सालीं मिळाली. पगाराची मुदत कायद्यांत येण्यास मात्र १९३६ साल उजाडावें लागलें. त्या सालच्या वेतन-अदायगी कायद्यानें लहान कारखान्यांत सातव्या आणि मोठ्यांत दहाव्या दिवसाच्या आंत पगार द्यावा, असें ठरविलें. लोखंडे तोंवर हयात नव्हते. ते १८९७ सालींच वारले.

त्याच कायद्यानें आणखी एक गोष्ट ठरविली: मजुरी द्यावयाची ती चलनी नाण्यांत किंवा नोटांतच. कोणी म्हणेल, यांत मोठें काय? मजुरी पैशांतच द्यावयाची, त्याला कायदा कशाला पाहिजे? पाहिजे, बाबांनो! मालकाला संधि मिळाली कीं तो मजुरी पैशांत देत नाहीं, हा जगाचा अनुभव आहे. विलायतेंत कामगारांचा पगार दारूच्या दुकानांत बसून वांटण्याची चाल होती. पगार घेण्यास आलेला माणूस पेला घेतल्यावांचून उठणार कसा? अखेर १८८३ सालीं तेथील पार्लमेंटला दारूच्या दुकानांत पगार वांटण्याची मनाई करणारा कायदा करावा लागला.

याहून भयंकर प्रकार दक्षिण आफ्रिकेंतील केप प्रांतांत झाला. तेथें द्राक्षांचे मोठमोठे मळे आहेत. त्या मळ्यांवर राबणाऱ्या काळ्या आणि मिश्र वर्णाच्या मजुरांना दिवसांतून ठराविक वेळां वाइनचा पेला देत आणि तो मजुरीचाच भाग समजत. या चालीला तेथें 'डॉप' म्हणतात. मळेवाल्याची जी वाइन बाजारांत खपण्यासारखी नसे ती मजुराच्या पोटांत जाई. म्हणजे मालाची विल्हेवाट लागली, मजुरी वांचली आणि मजूर व्यसनानें बांधला गेला, तो मळा सोडून जातो कोठें? एका दगडांत तीन पक्षी! गेल्या शतकाच्या सातव्या दशकांत कायद्यानें ही चाल बंद केली, तरी कांहीं मळ्यांवर ती पुढें तीस-तीस वर्षें चालूच राहिली. गरोदर बाईच्या पिण्यानें पोटांतल्या मुलाच्या मेंदूला जी कायमची इजा होते, तिचें प्रमाण जगांत जेथें सर्वांत जास्त आढळलें अशा प्रदेशांत हाच भाग मोडतो. बापाच्या मजुरींतून कापलेला पेला नातवाच्या डोक्यापर्यंत पोंचतो तो असा.

आतां तुम्ही म्हणाल, ही परदेशची गोष्ट झाली; आमच्याकडे कोणी मजुरीऐवजीं दारू देत नाहीं. खरेंच का? इमारतीच्या कामावर स्लॅब पडतो त्या रात्रीं काय होतें, तें येथें बसलेल्या पुष्कळांस ठाऊक आहे. सकाळपासून लागलेलें काम रात्रीं दहा-अकरापर्यंत चालतें, कारण स्लॅब अर्धा टाकून उठतां येत नाहीं. काम संपलें कीं ठेकेदार हंसत येतो, कोंबडी आणि बाटल्या पाठवितो आणि पाठीवर थाप मारून म्हणतो, "घ्या, मजा करा!" गडी खूष होतात. म्हणतात, ठेकेदार दिलदार आहे. बंधूंनो, त्या दिलदारीचा हिशेब करा. ठरल्या तासांपुढच्या कामाला दुप्पट दरानें मजुरी, हें तत्त्व १९४८ च्या फॅक्टरी कायद्यापासून या देशांत मान्य झालेलें आहे. तेंच माप स्लॅबच्या रात्रीला लावून पाहा. चार-पांच तासांचें जादा काम, त्याचा दुप्पट दर, आणि दहा गडी, ही रक्कम एका बाजूला मांडा. बाटल्या आणि कोंबडी यांची किंमत दुसऱ्या बाजूला मांडा. वजाबाकी करून जी शिल्लक उरेल ती ठेकेदाराच्या खिशांत गेली. ती पार्टी ठेकेदारानें दिली नाहीं. ती तुम्हींच ठेकेदाराला दिली! शिवाय पैसा मिळता तर त्यांतला अर्धा तरी घरच्या बाईच्या हातीं पडता. बाटलींतून बाईला आणि पोरांना काय मिळणार?

येथवर फायद्याचा हिशेब झाला. आतां दंडाचा पाहूं. १९४६ च्या कायद्याखालीं कारखान्यांसाठीं जे नमुन्याचे स्थायी आदेश झाले, त्यांत कामावर दारूच्या नशेंत असणें हें गैरवर्तन म्हणून लिहिलेलें आहे; त्याबद्दल कामगाराला काढून टाकतां येतें. त्याहून मोठी गोम नुकसानभरपाईच्या कायद्यांत आहे. १९२३ च्या कायद्यानें कामावर इजा झाल्यास मालकानें भरपाई द्यावी असें ठरविलें. पण इजा झाली त्या वेळीं कामगार दारूच्या अमलाखालीं होता आणि त्यामुळेंच अपघात घडला असें ठरलें, तर भरपाई देण्यास मालक बांधलेला नाहीं, अशी पळवाटही त्यांतच ठेवली. मृत्यु किंवा कायमचें पुरें अपंगत्व आलें तर ही सबब चालत नाहीं. पण बोटें तुटलीं, एक हात गेला, एक डोळा गेला, तर चालते. हीच तरतूद २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेंतही उतरली आहे. म्हणजे पाहा: ठेकेदारानें पाजली, पिणारा परांचीवरून पडला, हात मोडला, आणि ठेकेदाराचा वकील उभा राहून म्हणतो, "हा इसम प्यालेला होता!" कोणी पाजली, हें कायदा विचारीत नाहीं. चोर सोडून संन्याशाला फांशी म्हणतात ती हीच.

कांहीं भाऊ म्हणतात, अंगमेहनतीच्या कामाला थोडी लागतेच. त्याशिवाय अंग चालत नाहीं. हा समज कोणी पसरविला तें आम्हांस ठाऊक नाहीं. पण तो खोटा आहे. दारूनें अंगाला ऊब येते ती कातडीची. कातडीकडे रक्त धांवतें आणि अंगांतली खरी ऊब बाहेर निघून जाते. उन्हांत प्याल्यास लघवी वाढते आणि घामानें आधींच कोरडें पडत चाललेलें शरीर अधिक कोरडें पडतें. थकवा जात नाहीं. थकवा कळावयाचा थांबतो, आणि थकवा न कळणाऱ्या हाताकडूनच करवतीखालीं बोट जातें. आणखी एक गैरसमज असा, कीं रात्रीं झोंप काढली म्हणजे सकाळीं सर्व उतरलें. १८० मिलिलिटरची क्वार्टर घ्या. बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलें असतें. तिच्यांत सुमारें ६० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो. माणसाचें यकृत ताशीं साधारण सात ते दहा ग्रॅम पचवितें. तुम्हींच भागाकार करा: सहा ते साडेआठ तास. रात्रीं अकराला संपविलेली क्वार्टर सकाळीं सातच्या पाळीला पंचिंग मशीनपुढें उभें राहतांना कित्येकांच्या रक्तांत शिल्लक असते. चहानें, लिंबानें, थंड आंघोळीनें यकृत घाईनें काम करीत नाहीं.

परंतु एका जागीं आम्हांलाही उपदेशाची जीभ आवरावी लागते. ती जागा म्हणजे गटार. दुसऱ्याच्या विष्ठेंत गळ्यापर्यंत उतरण्याचें काम या समाजानें जन्मावरून कांहीं जातींच्या गळ्यांत बांधलें. तेथें उतरणारा भाऊ सांगतो, कीं प्याल्यावांचून त्या भोंकांत पाऊल टाकवत नाहीं. त्याला नीति शिकविणारे आम्ही कोण? ज्या कामाला शुद्धीवर असलेला माणूस तयार होत नाहीं, तें काम माणसाकडून करून घेणें हाच पहिला गुन्हा आहे. पण त्या भावाला एक गोष्ट मात्र सांगितलीच पाहिजे. गटारांतला जो विषारी वायु सडक्या अंड्यासारखा घाण येतो, तो फार वाढला म्हणजे नाकाची वास घेण्याची शक्तीच मारतो. वास येईनासा झाला म्हणजे धोका टळला असें नव्हे. मरण जवळ आलें. अशा जागीं दारूनें बधिर झालेलें डोकें घेऊन उतरणें म्हणजे पळण्याची शेवटची घटकाही घालविणें होय. २०१३ च्या कायद्यानें संरक्षक साधनांवांचून माणसाला गटारांत उतरविण्यास बंदी केली आहे. २०१४ सालीं सुप्रीम कोर्टानें गटारांत मेलेल्याच्या कुटुंबाला दहा लाख रुपये द्यावे असें सांगितलें आणि २०२३ सालीं ती रक्कम तीस लाख केली. मेल्यावर तीस लाखांचा हुकूम निघतो. जिवंतपणीं यंत्र, मुखवटा आणि दोर कां निघूं नये? त्याऐवजीं मुकादम पन्नास-शंभर रुपये हातावर ठेवून "मारून ये" म्हणतो. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात तो हा मुकादम, कारण पुष्कळ वेळां तोही आपल्यांतलाच असतो.

दारू म्हणजे मजुरांचें व्यसन, असा एक डौल पांढरपेशांत आहे. त्याचाही समाचार घेऊं. मुंबई शहरांत १९३९ च्या ऑगस्टमध्यें पहिली दारूबंदी झाली, आणि १९४९ च्या कायद्यानंतर ती सबंध मुंबई राज्यांत आली. त्या काळीं ज्याला डॉक्टरचा दाखला आणणें परवडे, त्याला प्रकृतीच्या कारणासाठीं परवाना मिळे. झोंपडींतला मात्र हातभट्टीवर गेला कीं पोलिसांच्या हातीं सांपडे. तोच भेद आज कचेऱ्यांत आणि कंपन्यांत नव्या कपड्यांत वावरतो. कामगार प्याला तर तो दारुडा. साहेब प्याले तर ती पार्टी! ज्याच्या घरांत सात पिढ्यांत कोणी कॉलेज पाहिलें नाहीं असा आपला मुलगा शिकून पुण्याच्या एखाद्या कंपनींत लागतो. शुक्रवारीं सायंकाळीं वरिष्ठ सर्वांना घेऊन बसतात. कोणाला चांगलें काम द्यावयाचें, कोणाला वर चढवावयाचें, हें पुष्कळ वेळां तेथेंच पेल्याभोंवतीं ठरतें. मुलाच्या आईच्या गळ्यांत तुळशीची माळ. तो नाहीं म्हणाला तर "हा आपल्यांत मिसळत नाहीं" असा शेरा. हो म्हणाला तर घरीं तोंड दाखविण्याची चोरी. बायकांची अडचण तर दुहेरी: बसलें तरी नांवें ठेवतात, उठून गेलें तरी बढती जाते. ठेकेदार मजुरी कापून पाजतो. साहेब बढतीचें आमिष दाखवून पाजतो. पेला काचेचा असो कीं प्लास्टिकचा, जो नोकरी देतो त्याच्याच हातचा पेला नाकारणें कठीण असतें, हेंच दोन्हींकडचें सूत्र.

आणि सरकार? १९२१ नंतर अबकारी खातें प्रांतिक मंत्र्यांकडे आलें, तेव्हांपासून शाळा काढावयाच्या तर गुत्त्याचें उत्पन्न पाहिजे, हें रडगाणें आम्ही ऐकत आलों आहों. बापानें ढोसावें म्हणजे पोरानें शिकावें, असा हा न्याय! राज्यघटनेच्या ४७ व्या कलमांत दारूबंदीचें ध्येय लिहिलें आहे. आणि २०२५ च्या जूनमध्यें महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानें भारतीय बनावटीच्या विदेशी दारूवर कर वाढविला तो वर्षाला आणखी १४,००० कोटी रुपये मिळावे या हिशेबानें. कर वाढवूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. पण ज्या तिजोरीला बाटलीची गोडी लागली ती तिजोरी बाटली फोडणार नाहीं, एवढें ओळखून असा. नुसत्या बंदीच्या हुकमावरही विसंबूं नका. २०१५ च्या जूनमध्यें मुंबईच्या मालवणींत शंभरावर माणसें विषारी दारूनें मेलीं. त्या दारूंत मिथेनॉल होतें. मेले ते हातावर पोट असणारे. स्वस्त विष कोठें विकलें जातें, हें तेथील प्रत्येक पोराला ठाऊक असतें; ठाऊक नसतें तें फक्त ज्यांना पगार मिळतो त्या अंमलदारांना!

एवढें सर्व दुसऱ्यांच्या पदरांत घातलें म्हणून पिणाऱ्याची सुटका झाली असें समजूं नका. ठेकेदारानें पेला पुढें केला हें खरें. घरीं बायकोवर हात उगारला तो ठेकेदाराचा नव्हता. ज्याला सुटत नाहीं तो आजारी आहे. आजाऱ्याला लपवूं नये आणि हिणवूंही नये. त्याला औषधाला न्यावें. पुण्यास १९८६ सालापासून मुक्तांगण हें व्यसनमुक्तीचें केंद्र चालू आहे. तेथें आणि तसल्या इतर ठिकाणीं बरे होऊन कामावर परतलेलीं माणसें आहेत. आपली संघटना आजवर काय करते? सभासद नशेंत सांपडला कीं त्याला पांघरूण घालते, आणि तिसऱ्या वेळीं तो बडतर्फ झाला कीं हात झटकते. पहिल्याच वेळीं त्याला दवाखान्यांत नेऊन, त्याची नोकरी राखून ठेवण्याचा करार मालकाशीं केला असता तर एक घर वांचलें असतें.

म्हणून शपथ न घेतां चार ठराव घेऊन उठा. पहिला, जादा कामाचा मोबदला पैशांतच घेऊं; बाटली आणून दिली तर ती परत करून तिची किंमत मजुरींत मागूं. दुसरा, पगाराच्या दिवशीं पगार बँकेंत येवो कीं हातांत, घरच्या बाईला आंकडा सांगूं. तिसरा, साधनांवांचून गटारांत कोणी उतरणार नाहीं आणि मुकादम उतरवील तर सर्वांचें काम थांबेल. चौथा, नशेंत सांपडलेल्या सभासदाला प्रथम उपचार, मग शिक्षा, अशी अट पुढच्या करारांत घालूं. आणि माउल्यांनो, वस्तींतल्या दारूच्या दुकानाविरुद्ध मतदान घडवून आणण्याचा हक्क या राज्यांत तुम्हांला आहे. चिठ्ठीवर उभी बाटली आणि आडवी बाटली असतात. कित्येक गांवांतील बायांनीं ती आडवी करून दाखविली आहे.

लोखंड्यांनीं मालकाजवळ दया मागितली नाहीं; त्यांनीं पगाराची तारीख मागितली. आपणही दारूच्या बाबतींत कोणाची दया मागूं नये आणि कोणाचा उपदेश ऐकूं नये. आपला दाम पुरता मोजून घ्यावा. ज्याचा दाम पुरता मिळतो, ज्याला विश्रांति मिळते आणि ज्याचें काम माणसाला शोभेल असें असतें, त्याच्या पुढें पेला करणाऱ्याचा हात आपोआप आंखडतो.

सत्याचा जय असो.